जखम का भरत नाही? जंतूंचा चिवट थर आणि तो सोडवणारे जंतूंचेच द्रव्य

नोव्हेंबर लागला की बेळगाव जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात, म्हणजे चिकोडी, हुक्केरी, अथणी, गोकाकच्या बाजूला, तोडणीची घाई सुरू होते. तोडलेल्या रानात जमिनीलगत उरलेली बुडखी तिरक्या धारेची असतात आणि साध्या चपलेने चालणाऱ्याच्या पायात ती सहज शिरतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांच्या डाव्या टाचेत असेच एक बुडखे घुसले. मामांना मधुमेह आहे, पायांना बधिरपणा आलेला आहे, त्यामुळे संध्याकाळी दारात काढून ठेवलेल्या चपलेवरचे रक्त मामींनी पाहिले, तेव्हा कुठे जखम झाल्याचे कळले. सहा आठवडे गेले, गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी जखम होती तेवढीच राहिली. कडा जाड आणि पांढरट, मध्ये फिकट पिवळी ओलसर चकाकी, आणि पट्टी सोडली की कापसावर हिरवट डाग. "गोळ्या तर वेळेवर घेतोय, मग ही भरंना कशी झालीय?" हा त्यांचा प्रत्येक भेटीतला प्रश्न असे.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येत असे. तो एकट्या मामांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात न भरणारी जखम हा रोजचा विषय असतो. याच महिन्यात, १४ तारखेच्या मधुमेह दिनानंतर लगेच, १८ ते २४ नोव्हेंबर हा औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयीच्या जागृतीचा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने येणाऱ्या बातम्यांत आणि लेखांत 'बायोफिल्म' आणि 'बायोसर्फॅक्टंट' हे दोन शब्द अधूनमधून भेटतात आणि बहुतेक वाचक तिथेच पान उलटतात. मामांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याच दोन शब्दांत आहे.

एकटा जंतू आणि वस्ती करून राहिलेला जंतू

पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्या बुळबुळीत का होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मोरीच्या जाळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवले तर हाताला जो गिळगिळीत थर लागतो, तोही ओळखीचा आहे. नुसते पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. दोन्ही ठिकाणी घडते ते एकच. सूक्ष्मजीव एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथे वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ स्रवतात. या चिकट पदार्थात रुतून बसलेल्या जंतूंच्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. पदार्थ मुख्यतः लांब साखळीच्या शर्करांचा, प्रथिनांचा आणि जंतूंच्याच पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएचा बनलेला असतो. मोकळा फिरणारा जंतू उघड्या माळावरच्या माणसासारखा असतो, तर बायोफिल्ममधला जंतू चिऱ्याच्या भिंतीआड कोठार भरून बसलेला असतो.

जखमेतला हा थर मोरीतल्यासारखा जाड नसतो. जुन्या जखमांत जंतूंचे पुंजके साधारण ५ ते २०० मायक्रोमीटर आकाराचे आढळतात, आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही, आणि जखमेवर पिवळा साका दिसला म्हणजे तोच बायोफिल्म, असेही नव्हे. काही पुंजके पृष्ठभागावर नसून मांसात खोलवर असतात. मामांच्या कापसावरचा हिरवट डाग हा 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' या जंतूच्या रंगद्रव्याचा ठरला. जुन्या जखमांत हा जंतू आणि 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हे दोघे वारंवार सापडतात.

या साऱ्याची पहिली चाहूल फार जुनी आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे कापडाचे व्यापारी आन्तोनी फान लेवनहूक यांनी स्वतः घडवलेल्या भिंगाखाली आपल्या दातांवरचा कीट पाहिला. त्यांनी व्हिनेगरने दात धुतले, तेव्हा किटाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, पण आत खोलवर असलेल्यांना काहीच झाले नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आणि ते १६८४ मध्ये छापूनही आले. प्रतिजैविके, म्हणजे जंतू मारणारी अँटिबायोटिक औषधे, निघण्याच्या अडीचशे वर्षे आधी एका माणसाने ही अडचण इतक्या नेमकेपणाने टिपून ठेवली होती, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटते. या वस्त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र १९७० नंतर, विशेषतः कॅनडात काम करणाऱ्या विल्यम कॉस्टर्टन यांच्या संशोधनातून, मूळ धरू लागला.

औषध ताकदीचे असूनही का हरते

पहिले कारण सरळ आहे. चिकट पदार्थात औषध हळू झिरपते, वाटेत त्यातल्या घटकांना चिकटून अडकते, आणि तळापर्यंत पोहोचते ते अगदी थोड्या प्रमाणात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते शेतकऱ्याला लगेच पटेल. लव्हाळ्यावर तणनाशक फवारले की वरची पाने पिवळी पडून मरतात, पण जमिनीखालच्या गाठी निद्रिस्त असल्यामुळे औषध त्यांच्यात उतरत नाही, आणि महिन्याभरात रान पुन्हा हिरवे होते. बायोफिल्मच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी असते, म्हणून तिथले जंतू वाढ थांबवून जवळजवळ झोपलेल्या अवस्थेत राहतात. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या पेशीची कामे बिघडवून तिला मारतात. जी पेशी कामच करत नाही, तिचे बिघडवायचे काय? म्हणून मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध देऊनही थरातला तोच जंतू जगू शकतो. इतकी मात्रा माणसाच्या शरीराला झेपत नाही.

वेगवेगळ्या अभ्यासांचे २०१७ मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात जुनाट जखमांपैकी सुमारे ७८ टक्के जखमांत बायोफिल्म आढळला. डॉक्टर अशी जखम खरवडून, मृत भाग कापून साफ करतात, ते याच कारणाने. परंतु मागे उरलेल्या थोड्या जंतूंपासून तो थर दोन-तीन दिवसांत पुन्हा बसू लागतो. साफ केल्यानंतरचे हे दोन-तीन दिवस म्हणजे औषधाला आत शिरण्याची खरी संधी असते. हे रुग्णाला क्वचितच कोणी समजावून सांगते, आणि मग रुग्ण पहिली पट्टी बदलायलाच आठ दिवसांनी जातो.

अळवावरचे पाणी आणि पंपातला स्टिकर

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ. अळवाच्या पानावर पाणी टाकले तर ते मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळते. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात आणि पृष्ठभागावर त्यांची ताणलेली कातडी तयार होते. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. कोबीच्या पानावरही असेच होते, म्हणून आमच्या भागातला भाजी पिकवणारा शेतकरी फवारणीच्या पंपात औषधाबरोबर थोडा 'स्टिकर' घालतो. मग थेंब गोळा न होता पानावर पसरतो आणि पानाला धरून राहतो. हा स्टिकर, कपड्यांचा साबण, आजीच्या काळचे रिठ्याचे फेसाळ पाणी, हे सारे एकाच जातीचे पदार्थ आहेत. यांच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे, म्हणून पाणी आणि तेलकट पृष्ठभाग यांच्यात ते मध्यस्थी करतात. अशा पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात, आणि सूक्ष्मजीवांनी स्वतः तयार केलेला सर्फॅक्टंट म्हणजे बायोसर्फॅक्टंट.

सूक्ष्मजीवांना साबण कशाला हवा, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. तेलकट अन्न विरघळवून खाण्यासाठी, ओल्या पृष्ठभागावर सरकत पसरण्यासाठी, शेजारच्या शत्रू जंतूंना मारण्यासाठी, आणि स्वतःच्या वस्तीत पाण्याचे मार्ग मोकळे ठेवण्यासाठी त्यांना तो लागतो. म्हणूनच असे जंतू शोधायचे तर तेल सांडलेली माती घ्यावी. आम्ही बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपसमोरची काळी तेलकट माती आणतो, तिच्यातले जंतू वेगळे करून वाढवतो, आणि वाढलेल्या द्रवातून जंतू काढून टाकून उरलेले नितळ पाणी तपासतो. तपासणी डोळ्यांना दिसणारी आहे. काचेच्या उथळ बशीत पाणी घेऊन त्यावर काळपट इंजिन ऑइलचा पातळ पापुद्रा पसरवायचा आणि मधोमध त्या नितळ पाण्याचा एक थेंब सोडायचा. जंतूने सर्फॅक्टंट बनवला असेल तर पापुद्रा क्षणात कडेला पळतो आणि मध्ये स्वच्छ गोल उघडतो. बनवला नसेल तर थेंब गुपचूप बुडून जातो. वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलेही त्या वेळी उठून पुढे येतात.

या द्रव्यांत तीन नावे वारंवार येतात. स्यूडोमोनास जंतूपासून मिळणारी रॅम्नोलिपिड्स, एका निरुपद्रवी यीस्टपासून मिळणारी सोफोरोलिपिड्स, आणि 'बॅसिलस सब्टिलिस' या मातीतल्या जंतूपासून १९६८ मध्ये जपानी संशोधकांनी वेगळे केलेले सर्फॅक्टिन. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ एकके असतो, आणि अगदी अल्प सर्फॅक्टिन तो २७ एककांवर आणते.

जखमेत हे द्रव्य काय करते

जंतू पृष्ठभागाला धरतात ते मुख्यतः तेलकट ओढीच्या आणि विद्युतभाराच्या जोरावर. पृष्ठभागावर आधीच बायोसर्फॅक्टंटचा लेप असेल तर ती पकड बसत नाही. हा प्रतिबंधाचा भाग झाला, आणि लघवीच्या नळीसारख्या शरीरात घालण्याच्या साधनांवर त्याचे बरेच प्रयोग झाले आहेत. थर आधीच बसलेला असेल तर हे द्रव्य त्याच्या चिकट पदार्थातली बंधने सैल करते, जंतूंचे पुंजके सुटे करते आणि आत जाणाऱ्या वाटा रुंद करते. गंमत म्हणजे स्यूडोमोनास स्वतःच्या थरात पाण्याचे बोळ राखायला आणि वेळ आली की वस्ती सोडून निघायला हेच रॅम्नोलिपिड वापरतो. आपण त्याच्याच घराची किल्ली बाहेरून, नको त्या वेळी आणि जास्त मात्रेत फिरवतो.

तिसरे काम जंतूच्या अंगावरचे आहे. प्रत्येक जंतूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. बायोसर्फॅक्टंटचे तेलाकडे ओढ घेणारे टोक त्यात घुसते आणि आवरण गळके होते. अशा गळक्या जंतूत प्रतिजैविक सहज शिरते, आणि मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. प्रयोगशाळेत बायोसर्फॅक्टंट आणि प्रतिजैविक एकत्र दिल्यावर प्रतिजैविकाची कमी मात्रा पुरते, असे अनेकदा दिसले आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली असा अंदाज आहे, आणि नवी प्रतिजैविके फार सावकाश येत आहेत. हाताशी असलेले जुने औषध पुन्हा कामाला येणे ही अशा वेळी लहान गोष्ट नव्हे.

जखम भरण्यावरचा परिणाम प्राण्यांवर तपासला गेला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या खोल भाजलेल्या जखमांवर ०.१ टक्का रॅम्नोलिपिडचे मलम लावले असता त्या लवकर भरल्या. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सोफोरोलिपिडचा एक प्रकार उंदरांच्या जखमेवर लावून पाहिला, तेव्हा जखम भरण्याच्या कामात त्याने अडथळा आणला नाही. जंतूंना त्रास आणि त्वचेला अभय, हा तोल जखमेच्या औषधात फार कठीणपणे साधतो, म्हणून त्या निष्कर्षाला महत्त्व आहे.

मग जखमेवर साबण किंवा रिठा चोळला तर चालेल का?

नाही, आणि हे ठामपणे सांगितले पाहिजे. कपड्यांच्या साबणातले तीव्र सर्फॅक्टंट जंतूच्या आवरणात आणि आपल्या नव्या कोवळ्या पेशींच्या आवरणात भेद करत नाहीत, आणि जखम भरण्यासाठी सरकत येणारी पेशीच त्यांच्यामुळे मरते. रिठा वनस्पतीजन्य असला तरी त्यातला फेस आणणारा पदार्थ रक्तपेशी फोडतो. आमच्याकडे जखमेवर हळद, चुना, राख, आणि निपाणीच्या बाजूला तंबाखूसुद्धा दाबून बसवण्याची सवय आहे. रिठ्याच्या पाण्याची त्यात भर पडू नये. बायोसर्फॅक्टंटच्या बाबतीतही मात्रा हाच कळीचा मुद्दा आहे, कारण सर्फॅक्टिन जास्त झाले तर तेही तांबड्या पेशी फोडते.

रोग करणाऱ्या जंतूचेच द्रव्य जखमेत का घालायचे?

ही शंका रास्त आहे, किंबहुना वाचकाला वाटते त्याहून अधिक रास्त आहे. स्यूडोमोनास आपल्याशी लढताना रॅम्नोलिपिड हे शस्त्र म्हणूनही वापरतो आणि आपल्या पांढऱ्या पेशींना त्याने मारतो. म्हणून संशोधनात तीन काळज्या घेतल्या जातात. द्रव्य जंतूंपासून पूर्ण वेगळे करून शुद्ध केले जाते, त्याच्या अनेक प्रकारांपैकी सौम्य प्रकार निवडला जातो, आणि शक्य तिथे ते बनवण्याचे काम निरुपद्रवी जंतूकडे सोपवले जाते. पेनिसिलिन बुरशीचे आहे म्हणून आपण जखमेवर बुरशी लावत नाही, तसेच हे आहे.

शिवाय जंतूंनी बनवलेला असा पदार्थ आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात बहुधा आधीच आहे. खरचटल्यावर आपण निओस्पोरिनची पावडर भुरभुरवतो. तिच्यातले एक औषध पॉलिमिक्सिन बी हे मातीतल्या जंतूने बनवलेले, स्निग्धाम्ल आणि प्रथिनाचे तुकडे जोडून झालेले द्रव्य आहे, आणि ते साबणासारखेच जंतूचे आवरण फाडते. याच कुळातले डॅप्टोमायसिन २००३ पासून शिरेतून दिले जाते. ही दोन्ही औषधे बायोफिल्म विरघळवण्यासाठी बनलेली नाहीत, पण हे कूळ वैद्यकाला अनोळखी नाही एवढे त्यावरून कळते.

सुटे झालेले जंतू रक्तात गेले तर?

थर फुटल्यावर जंतू नाहीसे होत नाहीत, मोकळे होतात. मोहोळाला धूर दिल्यावर माश्या उठतात तसेच हे आहे. त्यामुळे बायोसर्फॅक्टंट एकटे वापरायचे नसून त्याच वेळी प्रतिजैविक किंवा जंतुनाशक हजर हवे. मोकळे झालेले जंतू पुन्हा जागे होऊन वाढू लागतात, म्हणजेच पुन्हा मारण्याजोगे होतात, हाच या युक्तीचा गाभा आहे. ज्याची रोगप्रतिकारशक्ती अगदीच खालावली आहे, त्याच्या बाबतीत हा धोका डॉक्टरांना वेगळा तोलावा लागेल.

जंतू याचीही सवय करून घेतील का?

स्निग्ध आवरण हे जंतूच्या अस्तित्वाचाच भाग असल्याने ते बदलणे त्याला अवघड जाते, म्हणून प्रतिकार सावकाश येईल अशी अपेक्षा असते. पण 'येणारच नाही' असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. पॉलिमिक्सिनच्याच घरातले कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि डुकरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात घातले गेले, आणि २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला निकामी करणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक सापडले. भारत सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध कोंबडीच्या खाद्यात वाया गेले, आणि तसे बायोसर्फॅक्टंटचे होऊ द्यायचे नसेल तर नियम आधीच हवेत.

हे औषध आज मिळते का?

भांडी घासण्याच्या द्रवांत आणि सौंदर्यप्रसाधनांत रॅम्नोलिपिड्स आणि सोफोरोलिपिड्स पोहोचली आहेत, आणि एका जर्मन कंपनीने रॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना स्लोव्हाकियात उभारला आहे. संसर्ग झालेल्या जखमेवरचे नेहमीचे औषध म्हणून मात्र ती दवाखान्यात आलेली नाहीत. जखमा धुण्यासाठी सध्या वापरतात ते सर्फॅक्टंट असलेले द्रव कृत्रिम बनावटीचे आहेत. अडचण दोन जागी आहे. एकाच जंतूपासून निघणारे द्रव्य दहा-बारा जवळच्या प्रकारांचे मिश्रण असते, आणि औषधासाठी प्रत्येक घाणा तंतोतंत सारखा निघायला हवा. दुसरे म्हणजे तरुण उंदराची ताजी जखम आणि साठीच्या मधुमेही माणसाच्या टाचेतली सहा महिन्यांची जखम यांत फार अंतर आहे. ते अंतर माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनीच भरून निघेल.

याशिवाय अडचण किमतीचीही आहे, आणि तिच्यावरचा एक उपाय आमच्या दारात पडलेला आहे. हे जंतू साखर कारखान्याच्या मळीवर, म्हणजे मोलॅसिसवर, वाढतात आणि तिच्यापासून बायोसर्फॅक्टंट बनवल्याचे अनेक अभ्यास आहेत. औषधाच्या दर्जाचे द्रव्य बनवताना मळीतली अशुद्धी काढण्याचा खर्च वाढेल हे खरे, पण पिकावरच्या फवारणीसाठी आणि सफाईसाठी तरी ऊसपट्ट्यातल्या विद्यापीठांनी आणि कारखान्यांनी हे एकत्र करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मग साखरेचे आणि पथ्याचे काय?

थर हे जखम न भरण्याचे एक कारण आहे, एकमेव नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर औषध आणि प्राणवायू दोन्ही पोहोचत नाहीत. साखर चढलेली असेल तर पांढऱ्या पेशी मंदावतात. बधिर पायावर चालत राहिले तर प्रत्येक पाऊल नवी जखम करते. यांपैकी कोणतीही गोष्ट बायोसर्फॅक्टंट दुरुस्त करणार नाही. पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने तरी आकसली नसेल तर उपचारांचा फेरविचार व्हायला हवा, असे या क्षेत्रातले डॉक्टर मानतात. सूज, ताप किंवा काळेपणा दिसला तर तेवढेही थांबू नये.

मामांच्या टाचेवर यातले कोणतेही नवे द्रव्य लागले नाही. सातव्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी जखम खरवडून लाल, ताजे मांस दिसेपर्यंत साफ केली, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी केली, इन्सुलिन वाढवले आणि टाच टेकणार नाही असा बूट दिला. पहिले तीन दिवस पट्टी रोज बदलायची, असे परिचारिकेने त्यांना दोनदा बजावले, आणि मामा रोज सकाळच्या पहिल्या एसटीने चिकोडीला जाऊन ती बदलून आले. चौथ्या दिवशी कापसावर हिरवा डाग नव्हता. कडेने गुलाबी कातडी सरकत आत येऊ लागली, आणि जखम पूर्ण मिटायला त्यापुढे अकरा आठवडे लागले.